हंडा आणि हस्तिदंत

गेल्या दिवाळीत परभणीच्या एका घरी आम्ही काहीजण चार दिवस एक व्हिडिओ गेम पाहत बसलो होतो. खेळत होता तो घरचा भाचा. आम्ही त्याच्या पाठीमागे, आणि तो खेळातल्या नायिकेच्या पाठीमागे. या जातीच्या खेळांना तृतीयपुरुषी म्हणतात, कारण खेळणारा नायिकेच्या डोळ्यांतून पाहत नाही. चार पावले मागे राहून तिची वेणी, तिचे खांदे आणि तिच्यापुढचा प्रदेश पाहतो. व्याकरणातला तृतीय पुरुष म्हणजे ज्याच्याविषयी बोलले जाते तो. ज्या देशात हा खेळ घडतो तिथली माणसे मात्र त्यात तृतीय पुरुषीही नाहीत. त्यांच्याविषयी कोणी बोलतच नाही. आमची तक्रार तिथून सुरू होते.

खेळाचे नाव 'अनचार्टेड : द लॉस्ट लेगसी'. नॉटी डॉग या अमेरिकी कंपनीने तो रचला, सोनीने ऑगस्ट २०१७ मध्ये प्लेस्टेशनसाठी विकायला आणला आणि २०२२ मध्ये नव्या यंत्रांसाठी व संगणकासाठी पुन्हा काढला. इतक्या जुन्या खेळाचा समाचार आज का घ्यावा, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. खजिना शोधण्याच्या मोठ्या खर्चाच्या खेळांपैकी जवळजवळ संपूर्णपणे आपल्या सह्याद्रीत घडणारा दुसरा खेळ आम्हांस ठाऊक नाही. आणि ज्याच्या घरी प्लेस्टेशन आहे असा परभणीचा मुलगा अजूनही अभिमानाने सांगतो की बघा, यात आपला गणपती आहे.

कथा अशी. क्लोई फ्रेझर ही अर्धी भारतीय, अर्धी ऑस्ट्रेलियन बाई. तिचे वडील पुरातत्त्वज्ञ होते, आणि गणेशाचा तुटलेला सुळा शोधण्याच्या ध्यासात त्यांचा अंत झाला. आता ती नादिन रॉस या भाडोत्री सैनिक-बाईला सोबत घेऊन होयसळांच्या पश्चिम घाटातील अवशेषांत तोच सुळा धुंडाळते. आसव नावाचा बंडखोर सेनानी त्याच सुळ्याच्या मागे आहे. पुढे काय होते ते सांगण्यात अर्थ नाही. दऱ्या कोसळतात, पूल तुटतात आणि शेवटी आगगाडी धावते.

गुण आहेत ते आधी मान्य करू. दोन बायका, दोघीही तिशी ओलांडलेल्या, एकमेकींवर विश्वास ठेवायला हळूहळू शिकतात, आणि त्या शिकण्यात कोणत्याही पुरुषाची मध्यस्थी फारशी लागत नाही. घाटातला पावसानंतरचा उजेड असा रंगवला आहे की आमच्यातले एक कोकणस्थ गृहस्थ बराच वेळ गप्प होते. टूम रेडरच्या १९९८ मधल्या तिसऱ्या भागातही नायिका भारतातल्या जंगलापासूनच आरंभ करत असे, पण तिथे भारत म्हणजे माकडे, वाघ आणि एक गंगा. त्यामानाने इथे बराच गृहपाठ झाला आहे.

पण या गृहपाठाचे जे कौतुक झाले ते आम्हांस मान्य नाही. खेळात हळेबीडू येते, बेलूर येते. परशुराम आणि गणेश यांच्या युद्धाची कथा येते. दगडी परशू फिरतात, धबधब्यांच्या पोटात डोंगराएवढ्या मूर्ती उभ्या आहेत. प्रत्यक्ष होयसळ शिल्पाचे सामर्थ्य याच्या नेमके उलट दिशेला आहे. ते लहानात आहे. बाराव्या शतकातल्या त्या कारागिरांनी मऊ शंखजिऱ्याचा दगड निवडला तो त्यावर दागिन्यासारखे कोरता यावे म्हणून. हळेबीडूच्या होयसळेश्वराच्या जोत्यावरून हत्तींची रांग चालत जाते, आणि त्यातला एकेक हत्ती लहान मुलाच्या हाताच्या उंचीवर आहे. तिथला नाचणारा गणपती पाहायला वाकावे लागत नाही की दोर टाकून लोंबकळावे लागत नाही; समोर उभे राहावे लागते. शिल्पाला जवळ जाऊन पाहणे ही क्रिया खेळात जवळपास नाही. तिथे मूर्तीवर चढतात.

आणि बेलूर काही जंगलात हरवलेले नाही. तिथल्या चेन्नकेशवाची पूजा आजही होते. हळेबीडूभोवती शेते आहेत, तळे आहे, शाळा सुटल्यावर पोरांचा गलका आहे. २०२३ मध्ये युनेस्कोने बेलूर, हळेबीडू आणि सोमनाथपूर यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले. खेळात ते सगळे पुसून टाकले आहे. घाटाचा तो विस्तीर्ण मुलूख जीपमधून फिरताना एक गुराखी भेटत नाही, एक पाऊलवाट कोणाच्या घराकडे जात नाही. हत्ती आहेत, माकडे आहेत, आणि बंदूकधारी आहेत. नाव असलेले साधे माणूस म्हणून आम्हांस आठवते ती एकटी मीनू, सुरुवातीच्या बाजारातली चुणचुणीत पोर. बाकी जे भारतीय आडवे येतात ते गोळी खाण्यासाठी येतात. किती मारले ते मोजणे आम्ही दुसऱ्या दिवशी सोडून दिले.

खजिन्याच्या गोष्टीला हे करावेच लागते, असे आमचे म्हणणे आहे. जिथे माणसे राहतात तिथला ठेवा त्यांचा असतो. तो 'सापडू' शकत नाही, कारण हरवलेलाच नसतो. म्हणून आधी गाव रिकामे करायचे, मग त्याला विस्मृतीत गेलेले म्हणायचे, मग शोधायला निघायचे. खेळाच्या शेवटी क्लोई सुळा सांस्कृतिक मंत्रालयाच्या हवाली करण्याचे ठरवते, आणि समीक्षकांपैकी काहींना हे मोठे नैतिक परिवर्तन वाटले. पण सर्व दालने कोसळवून, सर्व यंत्रे मोडून, नंतर एक वस्तू कचेरीत जमा करायची, यात परत कोणाला काय मिळाले? जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक किमतीच्या ठेव्याची वर्दी कलेक्टरला द्यावी, असे तर इंग्रजांच्या १८७८ च्या कायद्यानेही सांगितले होते. आणि मालक न सापडल्यास, वेगळा करार नसेल तर, शोधणाऱ्यास तीन भाग व जागेच्या धन्यास एक भाग अशी वाटणीही घालून दिली होती. त्या रुक्ष कायद्याला निदान एवढे ठाऊक होते की जागेला धनी असतो.

आता त्या दिवाळीतली एक गंमत सांगतो, जिच्यामुळे हा लेख लिहावा लागला. खेळात एक उपकथा आहे. होयसळांची अकरा नाणी गोळा केली की राणीच्या माणकाचे एक कडे मिळते. ते मनगटात असले की जवळपास ठेवा असताना ते चमकते आणि किणकिणते. भाच्याने ते मिळवले आणि कडे वाजू लागले. मागे फराळाचे डबे भरत बसलेल्या त्याच्या आजीने, म्हणजे आमच्यापैकी एकाच्या आत्याबाईंनी, मान वर केली आणि म्हणाल्या, "पोरगी पायाळू हाय व्हय रे?"

आम्ही हसलो. भाच्याला शब्दच ठाऊक नव्हता, तेव्हा समजावून सांगावे लागले की जन्मताना ज्याचे पाय आधी येतात तो पायाळू, आणि त्याला जमिनीखालचे धन दिसते असे पूर्वी मानीत. डोळ्यांत अंजन घातले की दिसते. हंडा जमिनीखालून सरकतो, त्याचा आवाज येतो. वर नाग बसलेला असतो. आणि हंडा काही मागतो. नारळ मागतो, कोंबडा मागतो. इथवर आल्यावर आत्याबाई बोलायच्या थांबल्या आणि उठून आत गेल्या.

त्या सेलूच्या. १९७३ साली त्यांचे वय बारा होते. त्या वर्षी दिवेलागणीनंतर त्यांना परसातसुद्धा एकटे जाऊ देत नसत, एवढेच त्यांनी नंतर सांगितले.

सेलू आणि मानवत हे शेजारी तालुके. नोव्हेंबर १९७२ ते जानेवारी १९७४ या काळात, दुष्काळाने मराठवाडा होरपळत असताना, मानवत परिसरात लहान मुलींचे आणि बायकांचे एकामागून एक खून झाले. सरकार पक्षाने न्यायालयात मांडलेली हकीकत अशी की हे नरबळी होते: पिंपळावरच्या मुंज्याला संतुष्ट करून संतती आणि गुप्तधन मिळवण्यासाठी दिलेले. खटला परभणीच्या सत्र न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 'दगडू विरुद्ध महाराष्ट्र राज्य' हा १९७७ चा निकाल माफीच्या साक्षीदाराच्या जबानीवर कितपत विसंबावे यासाठी वकील आजही उद्धृत करतात. मेलेल्या मुलींची नावे मात्र कोणी उद्धृत करत नाही.

आमच्यावर इथे एक आक्षेप येईल, आणि तो न्याय्य आहे. परदेशी कंपनीच्या करमणुकीचा मानवतशी काय संबंध? खेळ खेळून कोणी कोणाचा बळी देत नाही. मान्य. तसे आम्ही म्हणतही नाही. व्हिडिओ गेममुळे मुले बिघडतात या ओरड्यात सामील होण्याची आमची इच्छा नाही, आणि मानवतला जे घडले तेव्हा तिथे दूरचित्रवाणीही नव्हती. आमचे म्हणणे निराळे आहे. ठेवा तिथेच आहे, तो माझ्यासाठी राखलेला आहे आणि मधे येणारी माणसे ही किंमत आहे, ही कल्पना दोन्हीकडे तीच. अमेरिकेत ती निरुपद्रवी कल्पना असेल. आपल्याकडे तिच्यासाठी कायद्यात कलम घालावे लागले. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत गुप्तधनाच्या शोधासाठी केलेली अमानुष कृत्ये आणि नरबळी यांचा उल्लेख आहे, आणि तो कायदा होण्यासाठी वर्षानुवर्षे झगडणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात खून झाला. अशा मुलखात बसून 'खेळ तो खेळच' म्हणणे आम्हांस जमत नाही.

योगायोग असा की सोनीच्याच नाममुद्रेच्या सोनीलिव्हवर ऑक्टोबर २०२४ मध्ये 'मानवत मर्डर्स' ही मराठी मालिका आली. तपास अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्या आठवणींवर आधारलेली, आशिष बेंडे यांनी दिग्दर्शित केलेली. म्हणजे एकाच पेढीच्या एका दुकानात गुप्तधनाचा थरार विकत मिळतो आणि दुसऱ्या दुकानात त्याची भीती. भाच्याने दोन्ही पाहिले होते. दोहोंत काही नाते असेल हे त्याच्या मनात आले नव्हते, आणि त्याचा दोष आम्ही त्याला देत नाही.

हस्तिदंताचाच विषय आहे तर आपल्याकडच्या हस्तिदंताविषयी बोलू. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला रामलिंगप्पा लामतुरे या गृहस्थांनी गावच्या पांढरीत वर आलेल्या वस्तू आयुष्यभर वेचल्या: मातीच्या बाहुल्या, मणी, भांडी. त्यांच्या संग्रहाचे आज शासकीय संग्रहालय आहे. तिथे हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती आहे, लहानशी. तिची बहीण शोभेल अशी मूर्ती इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गडप झालेल्या पॉम्पेईत १९३८ साली सापडली; ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. परभणीला लागून असलेल्या जालना जिल्ह्यात, भोकरदनच्या उत्खननातही त्याच घराण्यातले हस्तिदंती काम मिळाले. सातवाहन काळात आपल्या भागातला माल रोमन जगापर्यंत जात होता, याचा हा पुरावा वीतभर आहे आणि कपाटात ठेवता येतो. तो वाजत नाही, चमकत नाही. लामतुरे पायाळू होते असेही कोणी म्हणत नाही. ते खाली पाहून चालत, इतकेच. आणि ज्या गावात सापडले त्याच गावात त्यांनी ते ठेवले.

उलट हंड्याच्या श्रद्धेने आपल्या मंदिरांचे काय केले ते पाहावे. नंदीच्या पोटात हिरे असतात म्हणून नंदी फोडायचा, पिंडीखाली मोहरा असतात म्हणून पिंड उखडायची. मराठवाड्यात पडक्या देवळांतून हिंडणाऱ्या कोणालाही असे खड्डे नवे नाहीत. गंगाखेड तालुक्यात गोदावरीकाठी धारासूरला गुप्तेश्वराचे मंदिर आहे. त्याच्या बाह्यभिंतीवरच्या सुरसुंदरी बेलूरच्या मदनिकांच्या पंगतीत बसतील अशा आहेत. जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्याला गावभर देवळे विखुरली आहेत आणि एक नखशिखान्त कोरलेला दगडी स्तंभ उघड्यावर उभा आहे. यातले काहीही गुप्त नाही. चारठाण्याची माणसे त्या स्तंभाच्या बाजूने रोज येतात-जातात. धारासूरचे मंदिर खचत गेले, भिंती कलल्या, आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाने जतनाचे काम हाती घेईतो फार वर्षे गेली. एवढ्या काळात त्याविषयी जिल्ह्यात जितके बोलले गेले, त्याहून अधिक कोणत्या तरी वाड्याखालच्या हंड्याविषयी बोलले गेले असेल, अशी आमची खात्री आहे.

चौथ्या दिवशी खेळ संपला. आम्ही भाच्याला म्हटले की गंगाखेडला जाऊ, तिथून धारासूर जवळ आहे. त्याने विचारले, तिथे काय मिळते? आम्ही म्हणालो, काही मिळत नाही, पाहायचे आहे. तो जरा थांबला आणि म्हणाला की सकाळी लवकर निघणार असलो तर येईन, दुपारी क्रिकेट आहे. आत्याबाईंनी दशम्या बांधून देण्याचे कबूल केले आणि आपणही येणार म्हणून सांगितले.