शिक्का फक्त आमच्याच कागदावर

पांढुर्णा-सौसरकडे गारपिटीने आंबिया बहर झोडपला, संत्र्याची गळ झाली, की शेतकरी तहसीलवर जातात आणि ज्ञापन देतात. दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का पडतो, फोटो निघतो, मागण्या पेपरात छापून येतात. उद्योगांचे कैवारी म्हणतात, कंपन्याही हेच करतात. सरकारपुढे आपली बाजू मांडणं गुन्हा आहे का? मुळीच नाही. मग त्यांच्या ज्ञापनाची प्रत कुठे आहे?

यावरचं उत्तर तयारच असतं: ‘आम्ही सगळं जाहीर करतो.’ बाजारमूल्यात पहिल्या १,००० असलेल्या कंपन्यांना सेबीने २०२२-२३पासून बीआरएसआर, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा अहवाल, सक्तीचा केला, हे खरं. त्यातलं सातवं तत्त्व सरकारी धोरणावर प्रभाव टाकण्याबद्दलच आहे. पण तक्ता उघडून बघा. या बाबतीत सक्तीने विचारलंय ते एवढंच, की तुम्ही कोणकोणत्या उद्योग-संघटनांचे सभासद आहात. कोणत्या धोरणाबाबत काय मागितलं, कोणत्या मार्गाने मागितलं, ते लोकांना वाचायला मिळतं का, हे प्रश्न ‘लीडरशिप’च्या रकान्यात आहेत. म्हणजे मर्जी असेल तर भरा! अहवालात नेट झिरोचं वचन द्यायचं आणि संघटनेच्या लेटरहेडवरून सवलत मागायची, याला आजच्या नियमात कुठेच आडकाठी नाही.

सौसरहून नागपूरला जाताना कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात. अशा औष्णिक केंद्रांच्या धुरासाठी डिसेंबर २०१५मध्ये मर्यादा ठरल्या, मुदत होती दोन वर्षांची. ती पुनःपुन्हा वाढली आणि जुलै २०२५मध्ये बहुतेक संचांना गंधकाच्या मर्यादेतून सूटच मिळाली. गंधक म्हणजे कार्बन नव्हे, मान्य. पण मुदत कशी सरकते ते इथे दिसतं. वीज उत्पादकांच्या संघटनेने मुदतवाढ मागितल्याचं बातम्यांतून कळलं. आतून कोणत्या सभासदाने किती रेटा लावला, ते मात्र गुलदस्त्यातच.

‘धंद्याची गुपितं फुटतील’ ही ओरडही पोकळ आहे. २०२५मध्ये मोटारींच्या कार्बन मर्यादांवरून मारुतीने छोट्या गाड्यांना सवलत मागितली, टाटा मोटर्सने उघड विरोध केला. कोणाचं दुकान बंद पडलं? उलट वाचकाला दोन्ही बाजू कळल्या. भारताच्या बाजारपेठेसाठी वॉलमार्टने केलेल्या लॉबिंगचा खर्च आपल्याला डिसेंबर २०१२मध्ये कळला, तोही अमेरिकी सिनेटला दिलेल्या विवरणातून. आपल्याकडे तसा कायदाच नाही.

म्हणून मागणी साधी आहे. तो ऐच्छिक रकाना सक्तीचा करा. हवामान आणि ऊर्जेच्या धोरणावर कंपनीने, तसंच तिच्या संघटनेने, सरकारला लिहिलेलं प्रत्येक पत्र अहवालाला जोडा. मंत्रालयांसाठी २०१४चं पूर्व-विधान सल्लामसलत धोरण आहेच. कायद्याच्या मसुद्यावर आलेल्या हरकतींचा सारांश संकेतस्थळावर टाकावा, असं ते सांगतं. तो सारांश नावानिशी असू द्या. आणि बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रातल्या छोट्या कारखानदाराच्या नावाने जे गळा काढतील त्यांना सांगायचं, की पहिल्या हजारात तो येतच नाही. त्याला एक ओळही जास्तीची भरावी लागणार नाही.