मुळशीची पुस्तके मुळशीत हवीत

सरत्या वर्षाच्या वाचनाचा हिशेब मांडताना यंदा मी एकाच पाण्याभोवतीच्या पुस्तकांबद्दल लिहिणार आहे. ते पाणी मुळशी धरणाचे.

सुरुवात केली विनायकराव भुस्कुटे यांच्या ‘मुळशी सत्याग्रह’पासून. भुस्कुटे स्वतः त्या लढ्याचे पुढारी. १६ एप्रिल १९२१ला, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी टाटा कंपनीच्या धरणाचे काम अडवले. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही पदवी मिळाली ती याच लढ्यात. १९२४ साली सत्याग्रह मोडला आणि पन्नासच्या वर गावांचे भवितव्य ठरून गेले. लढलेल्याने लिहिलेला हा वृत्तांत असल्याने त्याचे मोल वेगळे आहे.

पण वर्षभरात मनात घर केले ते राजेंद्र व्होरा यांच्या पुस्तकाने. २००९ साली आलेल्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथाच्या नावातच मुळशीला जगातील पहिली धरणविरोधी चळवळ म्हटले आहे. व्होरा बापटांच्या धैर्याला उणेपणा आणत नाहीत, पण ते जमीन कोणाच्या नावावर होती हे विचारतात. बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गेलेल्या होत्या. मोबदल्याचा प्रश्न आला तेव्हा सावकाराचे हित एकीकडे आणि ती जमीन कसणाऱ्या मावळ्याचे दुसरीकडे, अशी फूट पडली. लढा का हरला याचे इतके स्पष्ट उत्तर मला दुसरीकडे मिळालेले नाही. आपण पुण्याचे वाचक सेनापतींचे नाव अभिमानाने घेतो. त्या सावकारांचीही आठवण ठेवायला हवी, कारण तेही आपल्याच पेठांमधले होते.

त्यानंतर विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ पुन्हा वाचली. १९९१ची ही कादंबरी मुळशीची नाही, तरीही धरणाने उठवलेल्या माणसाची पुढची फरफट तिच्याइतकी कोणी मांडलेली नाही. व्होरांनंतर ती वाचावी. आकड्यांमागची माणसे दिसू लागतात.

आजही मुळशीचे पाणी सह्याद्री उतरून भिऱ्याला वीज तयार करते. तलावाकाठी सुट्टीला येणाऱ्यांची गर्दी दर पावसाळ्यात असते. त्या पाण्याखाली काय आहे, हे तालुक्यातल्या मुलांना तरी ठाऊक असावे. पौड, पिरंगुट, माले इथल्या शाळांना आणि वाचनालयांना माझी विनंती आहे, येत्या वर्षीच्या खरेदीत ही तिन्ही पुस्तके घ्या आणि नववी-दहावीच्या मुलांच्या हाती द्या.