रविवार कोणाचा?

शनिवारी संध्याकाळी मिस्सा ऐकली की रविवार मोकळा, हे वाक्य अंधेरीपासून मुलुंडपर्यंतच्या आपल्या धर्मग्रामांत हल्ली सर्रास कानी पडते. मोकळा कशासाठी? मुलांच्या क्लाससाठी, घरी आणलेल्या ऑफिसच्या कामासाठी, जादा पाळीसाठी. शनिवारच्या मिस्सेबद्दल माझी तक्रार नाही. ख्रिस्तसभेनेच ती मुभा दिली आहे आणि रविवारी पाळी असलेल्या परिचारिकेला ती हवीच. पण ज्याला रविवारी थांबता येते, तोही भीतीपोटी थांबत नाही. एक दिवस हात थांबला तर मूल मागे पडेल, घर मागे पडेल! अरण्यातील इस्राएल लोकांना हीच भीती होती. सहाव्या दिवशी दुप्पट मान्ना मिळूनही काहीजण सातव्या दिवशी टोपल्या घेऊन बाहेर पडलेच, आणि रिकाम्या हाती परतले. पोसणारा देव आहे, आपले हात नव्हेत, ही कबुली म्हणजेच विश्रांती. म्हणून ती उपासना ठरते.

मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवार फुकट मिळाला नाही. १८८४ साली साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सादर झाला. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी सुट्टी मान्य केली. या लढ्याचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे हे सत्यशोधक, 'दीनबंधु'चे संपादक. रविवार त्यांच्या लेखी खंडोबाचा वार! पोप तेरावे लिओ यांचे 'रेरूम नोव्हारुम' निघाले ते त्यानंतर, १५ मे १८९१ रोजी. त्यातील एक मुद्दा आपल्याला झोंबायला हवा: आपल्या आत्म्याचा हा हक्क सोडून देण्याची मुभा खुद्द कामगारालाही नाही.

"मावशींची काही हरकत नसते हो," हे आपले ठरलेले उत्तर म्हणूनच लंगडे पडते. तिसऱ्या आज्ञेत मुलगा-मुलगी येतात, तसेच दास आणि दासी येतात, गुरेढोरे येतात, वेशीच्या आतला परकाही येतो. आपण मिस्सेहून परतावे, पाहुण्यांसह भरपेट जेवावे, वामकुक्षी घ्यावी, आणि त्याच वेळी मोरीत दुसऱ्या कुणीतरी खरकट्याचा ढीग उपसावा, याला प्रभूचा दिवस कसे म्हणावे? दुसऱ्याच्या पाठीवर घेतलेली विश्रांती देवावर नव्हे, मोलकरणीवर भरवसा टाकते.

हे मी उपदेशकाच्या तोऱ्यात लिहीत नाही. आमच्या घरीही वर्षानुवर्षे हेच चालले. यंदाच्या उपवासकाळात आम्ही मावशींना रविवारची सुट्टी दिली; जेवण साधे ठेवले आणि भांडी मी व मुलगा मिळून घासू लागलो. पहिल्या रविवारी नेहमीच्या वेळी बेल वाजली. मावशी दारात उभ्या. चार दिवसांचे पैसे कापले जातील, अशी त्यांना धास्ती होती. पगार पुरा मिळेल, हे दोनदा सांगावे लागले, तेव्हा कुठे त्या जिना उतरल्या.