टक्का कोणत्या मोजपट्टीवरचा?

सीएमएल या रक्ताच्या कर्करोगावर २००१मध्ये इमॅटिनिबची गोळी आली आणि रुग्ण पुन्हा कामाधंद्याला लागले. पण पांढऱ्या पेशी नॉर्मल दिसल्या म्हणून आजार संपला असे नाही. बीसीआर-एबीएल हा बिघडलेला जनुक आत चालूच असू शकतो. त्याचा आरएनए किती आहे, हे रिअल-टाइम पीसीआर मोजते. दर फेरीला नकला जवळजवळ दुप्पट होतात. चमक जितकी लवकर, तितका मूळ आरएनए जास्त. सुमारे ३.३ फेऱ्यांचा फरक म्हणजे दहापट!

उत्तर टक्क्यांत येते. ०.१ किंवा त्याहून कमी असेल तर उपचार चांगला लागू पडला. मात्र एकाच रक्ताचा आकडा दोन लॅबमध्ये वेगळा निघू शकतो, म्हणून 'आयएस' ही आंतरराष्ट्रीय मोजपट्टी ठरली. रिपोर्टवर तिचा उल्लेख नसेल, तर गोळी बदलायची की नाही हे डॉक्टरांनी कशावरून ठरवायचे? शिवाय आरएनए नाजूक. नमुना रखडला की आकडा फसवा.

गोळी मोफत आणि सुरुवातीला दर तीन महिन्यांची ही तपासणी मात्र पदरच्या पैशाने, अशी स्थिती जिथे आहे तिथे रुग्ण तपासणीच टाळतात. औषधाच्या तरतुदीतच तिचा खर्च धरला पाहिजे, आणि तोही 'आयएस' देणाऱ्या लॅबचाच.