‘टेम्पो एक्स्ट्रा’ म्हणजे नक्की काय एक्स्ट्रा?



नारायणगावच्या टोमॅटोचं कोटेशन इंग्रजीत लिहिताना आपले बरेच जण शेवटी ठोकून देतात, ‘टेम्पो चार्जेस एक्स्ट्रा’. मंचरच्या व्यापाऱ्याला ते कळतं. दुबईच्या खरेदीदाराला नाही. त्याच्यासाठी टेम्पो म्हणजे संगीताची गती, आपली लय.

मूळ शब्द इटालियन, अर्थ ‘वेळ’. गाडीला तो चिकटला ब्रँडमुळे. जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या कंपनीच्या गाड्यांचं नाव टेम्पो होतं. 1958 मध्ये बजाज टेम्पो आली, 2005 मध्ये तिची फोर्स मोटर्स झाली, पण आपल्या तोंडी टेम्पो राहिला तो राहिलाच. बोलताना खुशाल म्हणा. इंग्रजी कोटेशनमध्ये मात्र ‘स्मॉल ट्रक’ लिहा आणि पुढे किती टन, किती क्रेट तेही लिहा. पैशांचा वाद तिथेच होतो.

दुसरी चूक कृषी पर्यटनवाल्यांची. शिवनेरी बघायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी रात्री लेझीम ठेवता, छान. पण माहितीपत्रकात ‘द टेम्पो रीचेस अ क्रेसेंडो’ असं लिहू नका! क्रेसेंडो म्हणजे आवाज हळूहळू चढत जाणं. वेग वाढण्याला अॅक्सेलरँडो म्हणतात. आणि क्रेसेंडो ही चढण आहे, शिखर नव्हे, त्यामुळे तिथे ‘पोचायचं’ कसं? आता इंग्रजी वर्तमानपत्रंही असं लिहितात, हे खरं. म्हणून काय झालं? तुमचा पाहुणा संगीतातला जाणकार निघाला तर पहिल्याच पानावर हसेल.

तसंच ‘फास्ट रिदम’. रिदम म्हणजे ठेका. जलद किंवा संथ असतो तो टेम्पो. हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही खरं तर. नारायणगाव ही तमाशाची पंढरी. विठाबाई नारायणगावकरांचं गाव. ढोलकीवाला ठेका तोच ठेवून लय कशी वाढवतो, हे लहानपणापासून बघितलंय आपण. विलंबित, मध्य, द्रुत असे शब्द घरातच आहेत. इंग्रजीत आलो की ते विसरतो आणि भारी दिसेल म्हणून इटालियन शब्द चिकटवतो.

माझं मत विचाराल तर अॅलेग्रो, प्रेस्टो यांच्या नादी लागूच नका. ‘द ड्रमिंग स्टार्ट्स स्लो अँड गेट्स फास्टर अँड लाउडर’, एवढं लिहा. दोन्ही गोष्टी आल्या, वेगही आणि आवाजही. मग खाली लेझीमची वेळ, दर आणि जेवण धरलंय की नाही ते टाका, कारण फोन त्यासाठीच येतात.