मृत्युपत्राचा वकील आपल्या वस्तीत का नाही?

अमेरिकेत 'इस्टेट प्लॅनिंग अॅटर्नी' नावाचा वकिलांचा एक स्वतंत्र वर्ग आहे. माणूस जिवंत असतानाच त्याच्यामागे घर, जमीन, पैसा कोणाकडे आणि कसा जाईल याची कागदोपत्री व्यवस्था लावून देणे हे त्यांचे काम. मृत्युपत्र, विश्वस्त निधी, आजारपणात सही कोण करणार याचे मुखत्यारपत्र, अज्ञान मुलांचा पालक कोण, एवढ्यावर त्यांची आख्खी वकिली चालते. अशा वकिलाकडे जाणारा माणूस दोन गोष्टी विचारतो. तुम्ही शिकलात कुठे? आणि याच कामात का आलात? पहिल्या प्रश्नाचे उत्तर भिंतीवर चौकटीत टांगलेले असते. दुसऱ्याचे तोंडाने द्यावे लागते.

आपल्या समाजातून आज हजारो पोरे-पोरी एलएलबी करतात. त्यांना विचारा, वकिली कशासाठी? अॅट्रॉसिटीच्या केसेस लढायच्या आहेत, संविधान वाचवायचे आहे, न्यायाधीशाची परीक्षा द्यायची आहे. उत्तम. खैरलांजीनंतर कोणी अॅट्रॉसिटीचे काम कमी महत्त्वाचे म्हणू शकत नाही. पण वारस नोंद, वाटणी, मृत्युपत्र म्हटले की हेच तरुण नाक मुरडतात. ती दिवाणी कटकट, ती इस्टेटवाल्यांची कामे, त्यात कसली क्रांती! आम्हाला हे नाक मुरडणे मान्य नाही. आमचे म्हणणे असे की ज्या समाजाला शतकानुशतके संपत्ती बाळगूच दिली नाही, त्याच्या पहिल्या-दुसऱ्या पिढीची संपत्ती कागदाअभावी हातातून जाऊ न देणे हे चळवळीचेच काम आहे.

शूद्राने ऐपत असली तरी धनसंचय करू नये, असा आदेश मनुस्मृतीत आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला ती जाळली गेली. पण जी व्यवस्था त्या आदेशावर उभी राहिली तिने आपल्याला वारसा दिलाच नाही असे नाही. दिला, आणि सक्तीने दिला. बापाने गावकीची हलकी कामे केली म्हणून पोराने करायची, त्याच्या पोराने करायची. महार वतन म्हणजे दुसरे काय होते? बलुत्याच्या चार पेंढ्या, जमिनीचा एक तुकडा, आणि त्या बदल्यात पिढ्यानपिढ्यांची वेठ. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले ते या वारशाविरुद्ध. आणि आजही सरकार एक वारसा तत्परतेने देते: लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगाराच्या वारसाला सफाईची नोकरी. घरात चूल पेटते म्हणून आम्ही तिला विरोध करत नाही. पण झाडू वारशाने मिळतो आणि जमीन वारशाने मिळत नाही, हे बघून संताप येऊ नये?

बाबासाहेब वकिलीकडे का वळले याचा विचार आपण फारसा करत नाही. कोलंबियाची पदवी घेतलेला अर्थशास्त्रज्ञ १९१७ साली बडोद्याला नोकरीला गेला, तर कचेरीत शिपायांकडून अपमान आणि गावात राहायला खोली नाही. पारशी धर्मशाळेतून लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. पुढे ते पुन्हा लंडनला गेले, १९२२ साली ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले आणि १९२३ साली मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली. आम्ही याचा अर्थ असा लावतो की साहेबाच्या मर्जीवर न चालणारा धंदा त्यांना हवा होता, कारण ज्याचा पगार दुसऱ्याच्या हातात त्याची जीभही दुसऱ्याच्या हातात. तिथेही सॉलिसिटर अस्पृश्य बॅरिस्टरला ब्रीफ द्यायला तयार नव्हते. बाटलीबॉयच्या अकौंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवून त्यांनी प्रपंच चालवला. १९२६ साली 'देशाचे दुश्मन' खटल्यात जेधे-जवळकरांची बाजू मांडली, १९३४ साली 'समाजस्वास्थ्य'साठी र. धों. कर्वे यांची.

चवदार तळ्याचा दावा मात्र इथे नीट वाचला पाहिजे. सत्याग्रहाचे फोटो आपल्या घराघरात आहेत, दाव्याचे कागद कोणी वाचत नाही. डिसेंबर १९२७ मध्ये सवर्णांनी कोर्टात धाव घेतली ती देवाचे नाव घेऊन नाही, मालकी आणि वहिवाटीचे नाव घेऊन. तळे खासगी, अनादी काळापासून अस्पृश्यांना मज्जाव करण्याची आमची वहिवाट. मग तळे कोणाचे, नगरपालिकेचे की कोणा खासगी माणसाचे, वहिवाट किती जुनी आणि ती सिद्ध होते का, या रुक्ष प्रश्नांवर दहा वर्षे गेली. १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयात निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागला. पाण्याला हात लावायला काही मिनिटे लागली. त्या हाताला कायद्याचा आधार मिळवायला दहा वर्षांची ही 'दिवाणी कटकट' लागली.

आता पुन्हा अमेरिका. गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या शेतकऱ्यांनी १९१० पर्यंत सुमारे दीड कोटी एकर जमीन मिळवली होती. पुढच्या शतकात तिचा बहुतेक भाग गेला. दहशतीने गेला, कर्ज नाकारल्याने गेला, आणि बराचसा मृत्युपत्र नसल्याने गेला. गोऱ्यांच्या कोर्टावर आणि गोऱ्या वकिलावर विश्वास नसल्याने माणसे मृत्युपत्र न करता मरत. जमीन सगळ्या वारसांची सामाईक होई. दोन-तीन पिढ्यांत साठ-सत्तर हिस्सेदार. मग एखादा बिल्डर शिकागोत राहणाऱ्या, ती जमीन कधी न पाहिलेल्या नातवाचा इवलासा हिस्सा विकत घेई, हिस्सेदार म्हणून कोर्टात वाटणीचा दावा लावी, आणि कोर्ट म्हणे की इतक्या जणांत तुकडे पाडता येत नाहीत, सगळी जमीन लिलावात काढा. लिलावात घेणारा कोण? तोच.

हे थांबवायला २०१० साली एक नमुना कायदा तयार झाला. दावा लागल्यावर सगळ्या वारसांना नोटीस, बाजारभावाने मूल्यांकन, आणि घरच्या हिस्सेदारांना ती विकत घेण्याचा पहिला हक्क. आज वीसहून अधिक राज्यांनी तो स्वीकारला आहे. त्याच्या मसुद्याचे प्रमुख काम थॉमस मिचेल या काळ्या कायदेतज्ज्ञाने केले. ते हॉवर्ड विद्यापीठाच्या कायदा शाळेत शिकले. थरगुड मार्शल याच शाळेचे, आणि वकील हा समाजाचा अभियंता असला पाहिजे ही शिकवण तिथे देणारे चार्ल्स ह्यूस्टन हे मार्शल यांचे गुरू. मार्शलने शाळांतला वर्णभेद मोडला, मिचेलने सातबाऱ्यासारख्या निरस कागदात हात घातला. आम्हाला ही दोन कामे वेगळी वाटत नाहीत.

आणि आपल्याकडे? १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द झाली, जमिनी नजराणा भरून घेऊन परत दिल्या गेल्या, त्याही नव्या शर्तीने: जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय हस्तांतर नाही. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २. कित्येक गावांत अजून पणजोबाचे नाव आणि पुढे 'वगैरे'. त्या 'वगैरे'मध्ये पन्नास माणसे आहेत. निम्मी मुंबई-पुण्यात, काही गुजरातेत, काही वारलेली. रस्ता आला, एमआयडीसी आली, शहराची हद्द वाढली की 'वगैरे'तल्या एकाला गाठून सही घेतली जाते, कुलमुखत्यारपत्र होते, आणि उरलेल्यांना कुंपण पडल्यावर कळते. वतनाची जमीन कुटुंबातल्या एकाच्या नावे परत मिळाली तरी ती एकट्याची होत नाही, कुटुंबाची राहते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये एका वतन प्रकरणात सांगितलेले आहे. हे सांगणारा वकील गावात पाहिजे ना!

'आमच्याकडे वाटायला आहेच काय?' हे वाक्य आम्ही फार ऐकतो. बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीच्या जागी ५०० चौरस फुटांचे घर मिळते आहे. ते भाडेपावतीवर नाव असलेल्या काकाचे, की सोबत राहणाऱ्या भावाचे? एसटीतून, बँकेतून, महापालिकेतून निवृत्त झालेल्या माणसाचा फंड, ठेवी, शेअर्स आहेत. नॉमिनी लावलाय म्हणून सगळे निर्धास्त. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो वारसांसाठी पैसा सांभाळणारा. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने हे डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. तसेच फेरफार म्हणजेही मालकी नव्हे. तलाठ्याने नोंद घेतली म्हणून हक्क तयार होत नाही आणि नोंद नाही म्हणून हक्क बुडत नाही.

आता जे बोलायचे ते घरातल्यांना. हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले, हे आपण भाषणात सांगतो. बिलात काय होते ते सांगत नाही. राव समितीच्या मसुद्यात मुलीला मुलाच्या निम्मा वाटा होता, तो बाबासाहेबांच्या बिलात बरोबरीचा झाला. जन्माने फक्त मुलग्यांना मिळणारा एकत्र कुटुंबाचा हक्क ते मोडायला निघाले होते. त्यांच्यानंतर १९५६ चा वारसा कायदा आला तेव्हा तो हक्क शाबूत ठेवला गेला. महाराष्ट्राने १९९४ साली आणि देशाने २००५ साली मुलीला त्यात घेतले. त्या वेळी बाप हयात असण्याची अट नाही, हे २०२० साली विनीता शर्मा प्रकरणात ठरले. बौद्धांनाही हाच कायदा लागू आहे. आणि आपल्या घरांत काय चालते? भूसंपादनाचा मोबदला यायची वेळ झाली की बहिणीला माहेरी बोलावतात, साडी नेसवतात, आणि तहसीलच्या आवारात हक्कसोडपत्रावर अंगठा घेतात. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो असतो. हे काम गावातला पाटील करत नाही, आपला दादा करतो.

म्हणून वकिलाचा हेतू महत्त्वाचा. मृत्युपत्र हे दुधारी पाते आहे. स्वतःच्या कमाईचे आणि एकत्र मिळकतीतल्या आपल्या हिश्शाचे काय करायचे याचे पूर्ण स्वातंत्र्य कायदा देतो, आणि त्याच स्वातंत्र्याने मुलींना वगळणारी मृत्युपत्रे लिहिली जातात. केवळ फीसाठी बसलेला वकील सांगेल तसे टाईप करून देईल. ज्याला आपण या धंद्यात का आलो हे ठाऊक आहे, तो समोरच्या बापाला एकट्याला बसवून विचारेल, "काका, ताईचं नाव कुठंय?" निर्णय काकांचाच, पण प्रश्न विचारला गेला पाहिजे. तीच व्यक्ती नोकरी करणाऱ्या, मूल नसलेल्या विधवेला सांगेल की तुम्ही मृत्युपत्र केले नाही तर तुमची कमाई आईवडिलांआधी नवऱ्याच्या वारसांकडे जाईल. २००९ साली सर्वोच्च न्यायालयात असे प्रकरण झाले. लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा झालेल्या, सासरच्यांनी हाकललेल्या, माहेराने शिकवलेल्या बाईची आयुष्याची कमाई सासरच्या नातलगांना मिळाली. न्यायाधीशांनी सहानुभूती चालणार नाही, कायदा चालेल असाच सूर लावला. कायदा बदलण्याची मागणी करूच. तोवर तिला एक कागद हवा होता.

तो कागद किती महाग? मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, केलेली बरी. दोन साक्षीदारांसमक्ष सही, आणि त्या दोघांच्या सह्या. साक्षीदार ज्याला मिळकत मिळणार तो नसावा, आणि वयाने लहान असावा म्हणजे पुढे कोर्टात उभा राहू शकेल. आंतरधर्मीय लग्न केलेल्यांनी तर हे आधी करावे. विशेष विवाह कायद्याने मुस्लिम किंवा ख्रिस्ती जोडीदाराशी लग्न केले की वारसाहक्काचा कायदाच बदलतो, भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो, आणि बहुतेक जोडप्यांना ते लग्नानंतर दहा वर्षांनीही माहीत नसते.

कायदा शिकणाऱ्या तरुणांनी पहिली सुरुवात स्वतःच्या घरापासून करावी. आजोबांच्या नावाचा सातबारा आणि आठ-अ काढा, वारस नोंदीचे सगळे फेरफार तलाठी कार्यालयातून मागा, 'वगैरे'मध्ये कोण कोण आहे त्याची वंशावळ लिहा, आणि तीत आत्या, बहिणी, त्यांची मुले यांची नावे घाला. वारस नोंदीची खबर तीन महिन्यांत द्यायची असते. ती मुदत गेली असेल तरी अर्ज करा. आणि येत्या १४ एप्रिलला डीजेच्या शेजारी, रक्तदानाच्या मंडपाला लागून, दोन वकील, एक निवृत्त तलाठी आणि एक टेबल एवढी जागा मंडळांनी ठेवावी. येताना जुने खरेदीखत, भाडेपावती, पासबुक आणि घरातल्या बायकांना सोबत आणायला सांगा.