विश्लेषण : पडद्यावर वेदना कुणाची, परवानगी कुणाची?

गुढीपाडव्याच्या सुमारास जुन्नर तालुक्यातील नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. जुन्नर, आंबेगावसह ठिकठिकाणच्या यात्रांचे गावकरी इथे येऊन सुपारी ठरवतात. ‘सांगत्ये ऐका’ (१९५९), ‘पिंजरा’ (१९७२), ‘नटरंग’ (२०१०) अशा चित्रपटांनी तमाशाच्या जगावर भरपूर टाळ्या मिळवल्या. पण ज्यांचे जगणे पडद्यावर जाते, त्यांना कोणी विचारते का?

विठाबाईंची कथा काय सांगते?

विठाबाई नारायणगावकर गरोदर असताना बोर्डावर नाचत होत्या. कळा आल्या तशा पडद्यामागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडून पुन्हा बोर्डावर आल्या, असे सांगितले जाते. ही कथा आपण कौतुकाने ऐकतो. त्या रात्री खेळ थांबवण्याची सोय त्यांना का नव्हती, हे मात्र विचारत नाही. १९९० साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळालेल्या या कलावतीचे अखेरचे दिवस हलाखीत गेले. २००२ मध्ये त्या वारल्या. हा प्रसंग कॅमेऱ्यासमोर उभा करणाऱ्याने आधी ठरवावे : आपण बाईचे सोसणे दाखवतो आहोत, की तिला सोसायला लावणारी व्यवस्था?

सेन्सॉर हे पाहत नाही?

नाही. ‘नटरंग’ करणाऱ्या रवी जाधव यांचाच ‘न्यूड’ घ्या. चित्रकला महाविद्यालयात मॉडेल म्हणून बसणाऱ्या बाईची ही कथा. २०१७ मध्ये गोव्याच्या ‘इफ्फी’साठी निवड समितीने हा चित्रपट निवडला होता. माहिती व प्रसारण मंत्रालयाने तो वगळला आणि समितीचे अध्यक्ष सुजॉय घोष यांनी राजीनामा दिला. वाद रंगला तो प्रेक्षकांना काय दाखवावे यावर. सेन्सॉरचे कामही तेवढेच. चित्रीकरणात समोरच्या माणसाचे काय झाले, हे तपासणारे त्या टेबलावर कोणी नसते.

मुलांसाठी नियम आहेत का?

आहेत. बालकामगार कायद्याच्या २०१७ मधील सुधारित नियमांनुसार बालकलाकाराला दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही. त्याच्या इच्छेविरुद्ध काम करून घेता येत नाही. किमान २० टक्के कमाई त्याच्या नावावर मुदत ठेवीत ठेवावी लागते. त्याआधी, १९८८ मध्ये, मीरा नायर यांच्या ‘सलाम बॉम्बे’नंतर रस्त्यावरच्या मुलांसाठी सलाम बालक ट्रस्ट उभा राहिला. तरीही मुख्य भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारा मुलगा पुढे बंगळूरुत रिक्षा चालवत होता. चांगला हेतूही पुरा पडत नाही, तो असा.

मोठ्यांचे काय?

प्रौढ कलावंतीण, मजूर किंवा आदिवासी यांच्यासाठी असे संरक्षण जवळपास नाही. एका कागदावर सही किंवा अंगठा घेतला की संमती मिळाली, असे धरले जाते. हातावर पोट असलेल्या माणसाला नकार परवडत नाही. त्यामुळे त्याचा होकार खरा आहे की नाही, हे पाहण्याची जबाबदारी निर्मात्याचीच.

मग असे विषय टाळायचे का?

मुळीच नाही. ते टाळले तर या माणसांचे जगणेच दिसेनासे होईल. बंदी हे उत्तर नाही, हिशेब हे आहे. प्रसंग आधी त्यांच्या भाषेत समजावून सांगा. प्रदर्शनापूर्वी त्यांना दाखवा. नको असलेले दृश्य काढण्याचा हक्क द्या. मिळकतीत वाटा ठेवा. राज्य सरकार मराठी चित्रपटांना अनुदान देते. त्या अर्जात एवढ्या चार प्रश्नांची भर घालायला नवा कायदा लागत नाही. कलेचे स्वातंत्र्य जपायलाच हवे. मात्र ते कॅमेऱ्यामागच्या माणसाला जेवढे आहे, तेवढेच समोर उभ्या असलेल्यालाही हवे.